अनुदानित कॅथलिक शाळेसाठी सरकारकडे मागणी कशी मांडावी

‘अनुदान हा आमचा घटनादत्त हक्क आहे’ अशी सुरुवात असलेले निवेदन पहिल्याच टेबलावर अडकून बसते, कारण ते वाक्य कायद्याने खरे नाही. राज्यघटनेच्या कलम 30(1) ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. 30(2) एवढेच म्हणते की अनुदान देताना, संस्था अल्पसंख्याकांच्या हाती आहे या कारणावरून राज्याने भेदभाव करायचा नाही. अनुदान दिलेच पाहिजे असे त्यात नाही. सप्टेंबर 2021 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले: अनुदान हा मूलभूत हक्क नाही, धोरणाचा भाग आहे, आणि अनुदान घेतले की त्याच्या अटीही आल्या. अल्पसंख्याक संस्था असो की दुसरी, हे दोघींनाही लागू. त्याआधी 2002 मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांनी अटींना मर्यादा घातली होती. अनुदानाच्या बदल्यात संस्थेचे अल्पसंख्याक स्वरूपच पुसले जाईल, अशी अट सरकारला घालता येत नाही.

म्हणून निवेदनाचा कणा असा हवा: ‘अमुक निकषावर तालुक्यातल्या इतर शाळांना जे मिळाले, त्याच निकषात आमची शाळा बसते, तरी ते आम्हाला मिळालेले नाही. कारण लेखी कळवावे.’ हे वाक्य नाकारायचे तर अधिकाऱ्याला कारण द्यावे लागते, आणि कारण हातात आले की पुढची वाट दिसते.

परदेशातले दाखले इथे जोडू नयेत. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात कॅथलिक शाळांचे संरक्षण 1867 च्या घटनेच्या कलम 93 मध्येच लिहिलेले आहे, त्यामुळे तिथला युक्तिवाद वेगळ्या पायावर उभा असतो. व्हॉट्सअॅपवरून आलेला तिकडचा मजकूर उचलून शिक्षणाधिकाऱ्यांना दिला तर मूळ मागणी बाजूला पडते.

आधी ठरवा, नेमके काय हवे

‘शाळेला सरकारने मदत करावी’ ही इच्छा झाली, मागणी नव्हे. महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळेच्या मागण्या बहुतेक चार घरांत बसतात, आणि प्रत्येक घराचे टेबल वेगळे.

सगळ्यात मोठे घर वेतनाचे: मंजूर पदे, रिक्त जागा, नेमलेल्या शिक्षकाची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी (सरकारी वेतनप्रणालीतला त्याचा क्रमांक). मान्यता माध्यमिकसाठी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे (माध्यमिक), बृहन्मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे (उत्तर, पश्चिम, दक्षिण असे तीन विभाग). पगार निघतो तो वेतन पथकातून. मान्यता अडली की वेतन पथकात खेटे घालून उपयोग नाही, तिथले अधीक्षक मान्यता देत नाहीत. प्राथमिक शाळा असेल तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक), आणि मुंबईत महापालिकेचा शिक्षण विभाग. एकाच आवारात पहिली ते चौथी आणि पाचवी ते दहावी असली तरी कागद दोन दारांना जातात, हे नव्या मुख्याध्यापकांच्या हमखास लक्षात येत नाही.

दुसरे घर वेतनेतर अनुदानाचे: खडू, वीजबिल, दुरुस्ती, प्रयोगशाळा. रक्कम थोडी आणि उशिरा येते. यासाठी एकट्या शाळेने लढण्यात अर्थ नाही. हा विषय मुख्याध्यापक संघ आणि संस्थाचालक संघटनांनी मिळून लावून धरायचा.

तिसरे, टप्पा अनुदान: 20, 40, 60, 80 टक्क्यांच्या पायऱ्या. इथे मान्यतापत्र आधी नीट वाचा. 2009 मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ मधला ‘कायम’ शब्द शासनाने काढला, पण इंग्रजी माध्यमाच्या शाळांना त्याचा लाभ नव्हता. शिवाय 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाखाली परवानगी घेतलेली शाळा अनुदान मागूच शकत नाही. मराठी माध्यमाची अनुदानित आणि इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित शाळा एकाच इमारतीत असेल, तर निवेदनात युडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) लिहून कोणत्या शाळेबद्दल बोलतो ते पहिल्या ओळीत सांगावे.

चौथे, पायाभूत सुविधा. अल्पसंख्याक विकास विभागाची अल्पसंख्याकबहुल शाळांसाठी योजना आहे, पण तिची अट आहे 70 टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक असण्याची. बहुतेक कॅथलिक शाळांत वर्गातली बहुसंख्य मुले हिंदू, मुसलमान, बौद्ध अशी मिळून असतात. मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध, शीख, पारशी, जैन या सगळ्या अधिसूचित समाजांची बेरीज करून टक्केवारी काढा. नुसती ख्रिस्ती मुले मोजून ‘आपण बसत नाही’ म्हणून सोडून देणाऱ्या शाळा असतात. आणि बेरीज करूनही 70 होत नसेल तर अर्ज करू नका. त्यात वेळ घालवण्यापेक्षा आमदार निधीतून वर्गखोली किंवा स्वच्छतागृह मागणे बरे.

कागद

अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाकडून किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाकडून मिळते. ‘चर्चची शाळा आहे, सगळ्यांना माहीत आहे’ हे पुरत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दर्जा ठरवताना संस्थेचे मूळ पाहावे असे सांगितले: कल्पना कोणाची, पैसा आणि जमीन कोणाची, हेतू कोणता. तेव्हा धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) दप्तरातली जुनी पत्रे, जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बिशपांचे परवानगीपत्र, पहिल्या वर्षाची पटनोंदणी यांच्या प्रती काढून ठेवा. वसई धर्मप्रांत 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा झाला; त्याआधी सुरू झालेल्या तिथल्या शाळांची मूळ कागदपत्रे मुंबईच्या आर्चडायोसिसकडे असू शकतात. न्यासाचे नाव बदलले असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची बदल अर्जाची प्रत हवीच. प्रमाणपत्रावर एक नाव, मान्यतापत्रावर दुसरे आणि बँक खात्यावर तिसरे, ही त्रुटी फाईल महिनोन्‌महिने अडवते.

याच्या जोडीला महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी अधिनियम, 1977 चे कलम 3(2) पाठ असू द्या. अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाची आणि व्यवस्थापनाने नावे अधिसूचित केलेल्या आणखी जास्तीत जास्त तिघांची भरती या कायद्याच्या बाहेर ठेवता येते. नावे वेळेवर कळवलेली नसतील तर सवलत कागदावरच राहते. सिस्टर मुख्याध्यापिकेची नेमणूक ज्येष्ठतेच्या वादात अडकते तेव्हा बहुधा हे पत्र गेलेलेच नसते.

पट: इथेच सगळे ठरते

निवेदन कितीही चांगले असो, शिक्षकांची पदे संचमान्यतेवर (शाळेला किती पदे मिळायची याच्या मंजुरीवर) ठरतात आणि संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर. तोही नुसता हजेरीपटावरचा नाही. आधार पडताळणी झालेले विद्यार्थीच धरले जातात. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने निकष आणखी कडक केले, आणि वीसपेक्षा कमी पट असलेल्या वरच्या वर्गांची तर पदेच धोक्यात आली. तेव्हा ऑक्टोबरात रडण्यापेक्षा जूनमध्ये कामाला लागा.

कॅथलिक शाळांत आधार न जुळण्याचे एक खास कारण आहे, ते म्हणजे नावे. आधारवर ‘डिसोझा’ एका स्पेलिंगने, जनरल रजिस्टरला दुसऱ्या. मधला अॅपॉस्ट्रॉफी एका ठिकाणी आहे, दुसरीकडे नाही. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मुलाला तीन नावे, जन्मदाखल्यावर एक. वसईत लोपीस-लोपेस, तुस्कानो-टुस्कानो असे जोड घरोघरी. शिवाय वडिलांचे नाव मधे लिहायची महाराष्ट्राची पद्धत आणि आधारवर ते मधले नावच नसणे. यात जनरल रजिस्टर प्रमाण मानायचे. रजिस्टरमधले नाव मनाने बदलू नये, त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. सोपा मार्ग म्हणजे पालकांकडून आधार दुरुस्त करून घेणे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात न जुळणाऱ्या मुलांची यादी वर्गवार काढा, जुलैत रविवारच्या मिस्सानंतर धर्मग्रामाच्या सभागृहात आधार केंद्राचे शिबिर भरवा, आणि ते सगळ्या पालकांसाठी खुले ठेवा, फक्त ख्रिस्ती कुटुंबांसाठी नको. ऑगस्टअखेर न जुळलेली नावे बोटांवर मोजण्याइतकी उरायला हवीत. सप्टेंबरात केंद्रांवर गर्दी होते आणि पोर्टल रेंगाळते.

यादीत तरीही उरलेल्या मुलांसाठी हजेरीपट, पोषण आहाराची नोंद आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका जपून ठेवा. संचमान्यतेत दुरुस्ती मागताना ‘मूल खरेच वर्गात बसते’ हे याच कागदांनी दिसते. 2025 मध्ये नागपूरचा बोगस शालार्थ आयडी घोटाळा बाहेर आल्यापासून कागदांची छाननी वाढली आहे. ती अल्पसंख्याक शाळांच्या विरोधात आहे असे समजून भांडायला जाऊ नये. जाहिरात, मुलाखतीचे इतिवृत्त, नेमणूकपत्र, रुजू अहवाल आणि आवक-जावक नोंद यांच्या तारखा एकामागून एक लागतात का ते आपणच आधी तपासावे. भरती पवित्र पोर्टलमधून (राज्याच्या शिक्षकभरती संकेतस्थळावरून) करण्याचे बंधन अल्पसंख्याक संस्थांना नाही. म्हणूनच त्यांच्या नेमणुकांकडे अधिक बारकाईने पाहिले जाते, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही.

टीईटीबद्दल (शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल) सध्या गोंधळ आहे. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी लागू केली. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली, कारण 2014 च्या प्रमती निकालाने त्यांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले होते. या निकालाच्या आधारे कुणाची मान्यता अडवली तर निकालातला नेमका परिच्छेद क्रमांक देऊन उत्तर द्या. निकालाची आख्खी प्रत जोडू नका, ती कुणी वाचत नाही. आणि नवीन शिक्षकांना टीईटी द्यायला सांगाच. मोठे पीठ काय म्हणेल यावर कुणाची नोकरी टांगून ठेवण्यात शहाणपण नाही.

निवेदन

एक पान, एक विषय. वर संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक, युडायस क्रमांक, शाळेचा अनुदान प्रकार. मग ‘विषय’ आणि त्याखाली ‘संदर्भ’: आधीच्या पत्रांचे जावक क्रमांक आणि ज्या शासन निर्णयावर बोट ठेवायचे त्याची तारीख व संगणक सांकेतांक. मजकुरात तीन परिच्छेद पुरतात: वस्तुस्थिती आकड्यांत, निकष, मागणी. आकडे म्हणजे इयत्तावार पट, मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे, आणि पद रिकामे असल्याने कोणता विषय कोण शिकवतो. ‘आठवी ते दहावीच्या 212 मुलांना गणिताचा शिक्षक नाही, तास पीटीचे शिक्षक घेतात’ असे लिहिले की वाचणारा थांबतो. शंभर वर्षांची परंपरा, नामवंत माजी विद्यार्थी, मिशनऱ्यांचा त्याग हे स्मरणिकेत छापा. निवेदनात त्याला जागा नाही.

पत्र बारनिशीत (कार्यालयाच्या आवक-जावक कक्षात) द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या हातात दिलेले, फोटो काढलेले निवेदन आवकला चढले नाही तर ते गेलेच नाही असे समजा. ई-मेलही पाठवा, पण पोच बारनिशीचीच. 2005 च्या दप्तर दिरंगाई कायद्याप्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहू नये. पहिल्या स्मरणपत्रात हे सौम्य शब्दांत आठवून द्यावे. दुसऱ्या स्मरणपत्रानंतर माहिती अधिकार. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला 30 दिवस. ‘आमची फाईल का अडली’ असे विचारू नका, कारण ‘का’ला उत्तर द्यायचे बंधन नाही. विचारा: अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावरील टिपणीची प्रत आणि त्याच तालुक्यात त्याच वर्षी मान्यता मिळालेल्या पदांची शाळानिहाय यादी. भेदभाव झाला असेल तर तो या यादीत दिसतो. आणि झालेला नसेल, सगळ्यांचेच अडले असेल, तर तेही दिसते. मग भांडण धर्माचे राहत नाही, सगळ्या शाळांना सोबत घेऊन करायचे होते.

आमदारांकडे जाताना

विधानसभेच्या आमदारांकडे लोक आपसूक जातात. विधान परिषदेतले शिक्षक आमदार मात्र विसरले जातात. राज्यात असे सात मतदारसंघ आहेत; मुंबई आणि कोकण त्यांतले दोन. मतदार तोच, ज्याने गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवले. नोंदणी नमुना 19 मध्ये, अर्हता दिनांक 1 नोव्हेंबर, आणि यादी दर निवडणुकीला नव्याने होते. शाळेतल्या पंचवीस शिक्षकांपैकी चौघांचीच नावे यादीत असतील तर त्या शाळेचे म्हणणे किती लक्षात राहील, याचा अंदाज प्रत्येकाने करावा. मुख्याध्यापकाने सेवेचे प्रमाणपत्र आणि नमुना 19 सगळ्यांकडून एकाच दिवशी भरून घ्यावा.

अधिवेशने तीन: फेब्रुवारी-मार्चचे अर्थसंकल्पी, जून-जुलैचे पावसाळी, आणि डिसेंबरात नागपूरचे हिवाळी. तारांकित प्रश्नाची सूचना खूप आधी द्यावी लागते, म्हणून आमदारांना मजकूर अधिवेशनाच्या दीड महिना आधी द्या, तोही प्रश्नाच्याच रूपात: ‘जिल्ह्यातील अनुदानित अल्पसंख्याक शाळांत किती पदांच्या वैयक्तिक मान्यता प्रलंबित आहेत, किती कालावधीपासून, व विलंबाची कारणे काय?’ अधिवेशन सुरू झाल्यावर लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा उरतो. प्रश्न विचारला जाणार अशी कुणकुण लागताच खालच्या कार्यालयात फाईल हलते; कित्येकदा सभागृहात उत्तर येण्याआधीच काम झालेले असते. दोन्ही सभागृहांच्या विनंती अर्ज समित्याही आहेत. सह्यांची मोहीम करायचीच असेल तर तो कागद मंत्र्यांच्या स्वीय सहायकाला देण्यापेक्षा आमदारांमार्फत या समितीकडे न्यावा.

शिष्टमंडळ पाच जणांचे. एक मुख्याध्यापक, एक संस्थेचा प्रतिनिधी, आणि तीन पालक; त्यांतले निदान दोन ख्रिस्ती नसलेले. हा देखावा नव्हे. शाळेतली बहुसंख्य मुले ज्या घरांतून येतात त्या घरांनी बोलावे, हेच खरे. सगळेच झगा घातलेले गेले की समोरच्याला प्रश्न चर्चचा वाटतो, मुलांचा वाटत नाही.

जिथे घसरायला होते

निवडणुकीच्या काळात वेदीवरून कोणाला मत द्या वा देऊ नका असे सांगू नये. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) खाली धर्माच्या नावाने मत मागणे भ्रष्ट आचरण ठरते, 2017 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने त्याची व्याप्ती वाढवली, आणि 1988 चा कायदा धार्मिक जागेचा राजकीय वापर मना करतो. फटका उमेदवाराला बसतोच, पण शाळेच्या मागणीला कायमचा रंग लागतो. सर्व उमेदवारांना तीच तीन प्रश्नांची यादी पाठवून मिळालेली उत्तरे पालकांसमोर ठेवणे, तेही शाळेबाहेर आणि पालक संघाच्या नावाने, एवढे पुरते. परदेशी देणगीच्या खात्यातला पैसा या कामाला लावू नका, बॅनरचा खर्चसुद्धा नाही.

‘सरकारी पैशाने धर्मशिक्षण’ हा आक्षेप येणारच. उत्तर कलम 28(3) मध्ये आहे: अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुणालाही धार्मिक शिक्षणाला वा प्रार्थनेला बसवता येत नाही. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास आणि इतरांचा मूल्यशिक्षणाचा तास वेळापत्रकात वेगळे दिसले पाहिजेत, आणि संमतीपत्रे फाईलला हवीत. कलम 29(2) प्रमाणे अनुदानित शाळा केवळ धर्म वा जातीवरून प्रवेश नाकारू शकत नाही. या दोन बाबींत शाळा कच्ची असेल तर मागणी पुढे ढकला आणि आधी घर सावरा. तसेच पावतीशिवाय देणगी: 1987 च्या कॅपिटेशन फी विरोधी कायद्याची एक तक्रार आली की अनुदानाची फाईल चौकशीच्या फाईलला जोडली जाते.

गोव्याचा धडा वेगळा आहे. तिथे 1990 पासून प्राथमिक अनुदान मातृभाषेतल्या शाळांपुरते ठेवले गेले आणि डायोसेसन सोसायटीच्या शाळांनी प्राथमिक वर्ग कोकणीत नेले. 2011 मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुले झाले, 2012 नंतर नव्या सरकारने ते अल्पसंख्याक संस्थांसाठी चालू ठेवले, आणि त्यावरून भाषेचे आंदोलन इतके पेटले की 2016 मध्ये गोव्यातला राष्ट्रीय स्वयंसेवक संघही फुटला. शाळांना हवा होता पगाराचा पैसा. चर्चा झाली अस्मितेची. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या कॅथलिक शाळांनी ‘मराठी शाळा टिकवा’ म्हणणाऱ्या मंडळींशी आधीच हात मिळवलेला बरा. वसईच्या शाळांचे बळ तिथेच आहे.

नकार आला तर

तोंडी नकार घेऊ नका. लेखी नकारात शासन निर्णयाचा उल्लेख आहे का पाहा. पुष्कळदा 2 मे 2012 च्या भरतीबंदीचा दाखला दिलेला असतो. त्यावर आधी उपसंचालकांकडे दाद मागावी, मग पुण्यात शिक्षण संचालकांकडे. शाळा न्यायाधिकरणात जाऊ नका, ते बडतर्फी-पदावनतीसारख्या कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी आहे. उच्च न्यायालयात कलम 226 खाली याचिका करताना व्यवस्थापन आणि ज्याचा पगार अडला तो शिक्षक दोघांनी मिळून अर्जदार व्हावे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या शाळांना ऑगस्ट 2025 पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापुरात सर्किट बेंच बसते. वकिलाकडे जाताना चार गोष्टी क्रमाने लावलेल्या न्या: संचमान्यता, प्रस्तावाची पोच, स्मरणपत्रे, लेखी नकार. यातली पोच नसेल तर याचिका दाखल करण्याआधी प्रस्ताव पुन्हा बारनिशीत देऊन या.